साहेबांसाठी केलेला व्हिडिओ

आधीच कबूल करून टाकते. तो शेवटचा व्हिडिओ टाकणारी मीच. नवरा नको म्हणत होता, सासऱ्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मी, घरातली एकटी शहाणी, मी बटण दाबलं. पुढं जे झालं त्यावरून घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. माझा स्वभाव भांडणारा आहे. गप्प बसणाऱ्या माणसांपुढं मी लवकर हरते.

सासरे मेंढरंवाले. पाचोडपासून थोडं आत आमचं गाव, तिथं त्यांची साठेक मेंढरं होती. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून इथंही मामाच म्हणते; नवरा त्यांना आबा म्हणतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा त्यांचा एकुलता एक. तो वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर होता, आणि मी शहरात, मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत शिलाई मशीन टाकून शहागंजच्या एका दुकानासाठी ब्लाउज शिवायची. मामा मात्र गावाकडंच, मेंढरांजवळ. शहरात राहायला या म्हटलं की म्हणायचे, "आन् ह्यांना कुठं ठिवू? तुझ्या मोरीत?"

मग त्यांचे गुडघे गेले. आधी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते लांब लांब जायचे, गोदावरीच्या काठाकाठानं, महिनेच्या महिने. ते बंद झालं. गावाजवळ चारावं तर जिकडं बघावं तिकडं मोसंबीच्या बागा आणि बागांना तारेचं कुंपण. राहिलेल्या माळातून नवा रस्ता गेला. शेवटी एक व्यापारी येऊन मेंढरं बघून गेला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. नवरा मला म्हणाला, "मेंढरं विकली तर आबा ऱ्हात नाय." तो मुळात कमी बोलतो, त्यामुळं तो बोलला की मी ऐकून घेते.

त्याच आठवड्यात एक मेंढी व्याली. पहिलटकरीण होती, कोकराला जवळ येऊ देईना, लाथा झाडायची. मामा तिच्यापाशी मांडी घालून बसले. तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत, तिच्या पाठीवरून हात फिरवत, त्यांनी ते ओलं कोकरू कासेला लावलं. नवऱ्यानं ते सहज मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं, लोक पोरांचे वाढदिवस टाकतात तसं. चार दिवसांत इतक्या जणांनी ते बघितलं की नवऱ्याला वाटलं आकडा चुकीचा दाखवू राहिलाय.

असं आमचं चॅनल सुरू झालं. मेंढरं कशी कातरतात, दात बघून वय कसं सांगतात, कोकरांना ऊन कधी दाखवायचं, असलं सगळं. मामा कॅमेऱ्याकडं बघायचेच नाहीत, मेंढरांशीच बोलायचे, आणि लोकांना तेच आवडायचं. नवरा शनिवार-रविवार गावाकडं जाऊन चित्रण करायचा. शहागंजमधल्या एका मोबाइलवाल्याकडून त्यानं जुना पण चांगला फोन घेतला, वर एक माइक घेतला. मी कापणी-जोडणी शिकले. कापडाची येत होती, व्हिडिओची का येऊ नये?

रोज संध्याकाळी मामांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोन कोन आलं व्हतं?" म्हणजे कमेंट कुणाकुणाच्या आल्या. जशी काही माणसं दारात येऊन बसून गेली. मी वाचून दाखवायची. "एक जण दुबईहून हाये, मामा. म्हणतो, माझ्या आज्याची आठवण आली." मामा म्हणायचे, "लांबून आला गड्या. च्या पाजला का त्येला?" मी हसायची. पण ते निम्मं खरंच विचारत असायचे. त्यांच्या हिशोबानं, कोणी आपलं काही बघितलं म्हणजे तो माणूस समोर आला. आणि समोर आलेल्या माणसाशी बोलता येतं, त्याला समजावता येतं. पुढचं सगळं ह्यातनंच झालं.

पैसे यायला लागले. व्हिडिओच्या आधी-मधी जाहिराती लागतात, त्यातला वाटा मिळतो. वर्षभरात तो नवऱ्याच्या पगारापेक्षा जास्त झाला. कंपनीनं त्याचं कंत्राट पुढं वाढवलं नाही तेव्हा आम्ही रडलोसुद्धा नाही. नवऱ्यानं मामांना जाऊन सांगितलं, आता विकायचं नाव काढायचं नाही. मेंढरं विकत घेतलेल्या चाऱ्यावर जगायला लागली. मक्याची वैरण, कडबा, पेंड. मामांनी सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर जवळच्या ओढ्यात फिरवून आणायची, बस्स. एका फोनवर साठ मेंढरांचं पोट आणि एका म्हाताऱ्याचा जीव चालला होता. हे काही खरं नाही असं मला तेव्हाच वाटलं होतं, अशी थाप मी मारणार नाही. मला लई बरं वाटत होतं. शेजारणीला मी सांगितलं होतं, आमच्या मेंढरांना मोबाइल चारतो.

आता डागाचं सांगते.

मेंढी लंगडायला लागली, सांधा धरला, की मामा चुलीत लोखंडी सळई तापवून सांध्यावर एक डाग द्यायचे. त्यांच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच. मेंढी एकदा ओरडायची, मग मामा तिला मांडीवर घेऊन हळद-तेल लावत बसायचे. खोटं कशाला बोलू, मला ते बघवायचं नाही. सळई लाल झाली की मी घरात जायची. पण नवऱ्यानं त्याचा व्हिडिओ केला आणि तो आमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ ठरला. लोक भांडायचे खाली. कोणी म्हणायचं खेडवळ अडाणी, कोणी म्हणायचं हाच खरा आयुर्वेद. जितकं भांडण तितका तो आणखी लोकांपुढं जायचा.

एकदा लस टोचायला सरकारी जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांनी तो बघितला होता. ते मामांना म्हणाले, "बाबा, हे आता बंद करा. इंजेक्शन आहे त्याला. मुक्या जिवाला कशाला भाजता?" मामांनी मान हलवली. आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी खरंच ऐकलं. इंजेक्शननं एक मेंढी तीन दिवसांत पळायला लागली ते त्यांनी स्वतः बघितलं आणि सळई वळचणीला खोचून ठेवली. पण व्हिडिओ आम्ही काढला नाही. मीच म्हणाले, राहू दे. जाहिरातीच्या पैशातला मोठा वाटा त्या एका व्हिडिओचा होता. म्हाताऱ्यानं डाग देणं सोडलं आणि आम्ही डागावर जेवत राहिलो.

दोन वर्षं तो व्हिडिओ तिथं होता. दोन वर्षं त्या व्हिडिओवाल्या कंपनीनंच तो लोकांपुढं नाचवला, त्यावर जाहिराती लावल्या, स्वतःचा वाटा घेतला, आम्हाला आमचा दिला. आणि एके दिवशी सकाळी नवरा दात घासता घासता फोनकडं बघत उभाच राहिला. तोंडातला फेस हनुवटीवर आला तरी पुसेना.

"आवं, काय झालं?"

त्यानं फोन माझ्या हातात दिला. इंग्रजीत होतं. फोनवरच मराठी करून वाचलं. प्राण्यांवरील क्रूरता. व्हिडिओ हटवण्यात आला आहे. चॅनलचं उत्पन्न थांबवण्यात आलं आहे. एका व्हिडिओचं नाही, सगळ्याच व्हिडिओंचं. कोकराला कासेला लावलं त्याचंही.

अपील करायची सोय होती. एक चौकट, तिच्यात मोजकीच अक्षरं मावायची. नवरा आणि मी सकाळभर त्या चौकटीत काय लिहायचं ह्यावरून भांडलो. मी म्हणत होते माफी मागा, तो म्हणत होता माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला. शेवटी लिहिलं, हा आमच्या समाजातला जुना उपचार आहे, आता आम्ही तो करत नाही, व्हिडिओ काढून टाकला तरी चालेल पण बाकीचं चालू करा. इंग्रजी करून पाठवलं. मी चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं. आम्ही तुमचं अपील काळजीपूर्वक तपासलं आहे. निर्णय कायम आहे.

काळजीपूर्वक! उकळी फुटायच्या आत! मी त्या फोनला अशा शिव्या घातल्या की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. एवढ्या वेळात माणूस चष्मासुद्धा शोधत नाही. पण राग आला की माझं डोकं चालत नाही, नुसतं तोंड चालतं.

मामांना सांगावंच लागलं, कारण चारा कमी करायचा होता. नवऱ्यानं फोनवर सांगितलं. मी स्पीकर चालू केला होता.

"कुनी बंद केलं?" मामांनी विचारलं.

"कंपनीनं, आबा."

"कंपनीत कोन?"

"कोन म्हंजी... कंपनी."

"आरं पर सही करनारा कोनी आसंल का नाय? साहेब?"

नवरा म्हणाला, "आसंल कोनीतरी." झालं. तिथून पुढं आमच्या घरात साहेब आला.

पहिले पंधरा दिवस कसेबसे गेले. माझे शिलाईचे पैसे, घरात होतं-नव्हतं ते, सगळं वैरणीत घातलं. मग मेंढरांना निम्मं मिळायला लागलं. उपाशी मेंढरू कसं ओरडतं ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मामा काठी घेऊन उठले आणि तसल्या गुडघ्यांनी मेंढरं घेऊन लांब निघाले, रस्ता ओलांडून. संध्याकाळी गावातल्या कुणीतरी त्यांना मोटरसायकलवर बसवून आणलं, मेंढरं मागून आली. व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला बातमी कशी लागते देव जाणे. गिधाडाला आमंत्रण लागत नाही.

आम्ही दोघं गावाकडं गेलो ते ह्याच विचारानं की आता मामांना विकायचं कसं सांगायचं. मामा ओट्यावर बसले होते. आम्ही बोलायच्या आधी तेच बोलले.

"त्या साहेबाला तुमी काय लिवलं?"

नवऱ्यानं सांगितलं.

"लिवून कसं कळंल त्येला? म्या सांगतो आयका." आणि त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी एकदा वनखात्याच्या माणसानं त्यांची मेंढरं अडकवून ठेवली होती. मामांनी गयावया केली नाही, कुणाची ओळख काढली नाही. त्याच्या कचेरीसमोर दिवसभर उभे राहिले, उन्हात, न बसता. संध्याकाळी तो घरी जायला निघाला, मामांच्या भेगाळलेल्या पायांकडं त्याची नजर गेली, आणि म्हणाला, घेऊन जा बाबा तुझी मेंढरं. "साहेब झाला म्हून काय झालं? मानूसच ना त्यो? मानसाला मानूस दिसाया पायजे. येकदा दिसला की त्यो पाघळतोच."

"मग काय करायचं म्हणता, मामा?" मी विचारलं.

"त्येला वाटतं म्या जनावराचे हाल केले. त्येला दावू की हाल नाय ते, औषिद हाय. माझ्या अंगावर दावतो. घ्या तो फोन."

मामांच्या दोन्ही गुडघ्यांवर आधीचे डाग होते. काही त्यांच्या बापानं दिलेले, काही त्यांनी स्वतः. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत ह्याचं काही विशेष नाही, शहरातले लोक गुडघ्याला मलम चोळतात तसंच ते. म्हणून मलाही ते भयंकर वाटलं नाही. उलट मला वाटलं, म्हातारा बरोबर बोलतोय. समोरच्याला खरं दाखवलं तर त्याला नाही कसं म्हणता येईल?

नवरा म्हणाला, "नको. आनखी कायतरी उलटं व्हायचं."

मी म्हणाले, "आता उलटं व्हायचं काय राहिलंय? एकदा तरी आपल्या तोंडानं सांगू द्या त्यांना. तुम्ही लिहिलेलं कुत्रंबी वाचत नाही." शेवटचं वाक्य मी उगाच बोलले. तो लांब जाऊन उभा राहिला. फोन मी धरला.

दुपारची वेळ होती. मामांनी डोक्याला धुतलेला पटका बांधला. वळचणीतली सळई काढून चुलीत घातली. साहेबापुढं जायचं म्हणून त्यांनी सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावली. आयुष्यात पहिल्यांदा ते सरळ कॅमेऱ्यात बघून बोलले.

"रामराम, साहेब. तुमी म्हंता म्या मेंढराचे हाल करतो. ज्येचे हाल करायचे त्येला कोनी रातभर मांडीवर घिऊन बसत नाय. डाग म्हंजी आमचं औषिद. डाक्टर बोलले, आता मेंढराला नाय देत. पन वाईट म्हून कदीच दिला नाय. आमी सवताच्या अंगाला बी त्योच देतो. बगा."

आणि सळई गुडघ्याला लावली.

तो वास मी सांगत नाही. माझा हात हलला. व्हिडिओत ते दिसतं, चित्र हलतं आणि मामा आहेत तिथं आहेत. सळई बाजूला ठेवून ते म्हणाले, "बगितलं? बसलोय ना तुमच्यासमोर? काय झालं का मला? माझ्या मेंढरांचं बंद करू नका, साहेब. लई आशेनं बसलोय." मग हात जोडले.

मी काहीही कापलं नाही. तसाच टाकला, वर लिहिलं, साहेबांसाठी. टाकताना मला चक्क हलकं वाटलं.

मी भाकरी करायला बसले. तिसरी भाकरी तव्यावर होती तेव्हा नवरा फोन घेऊन चुलीपाशी आला. चॅनलच गेलं होतं. सगळं. पहिल्या कोकरापासून कालपर्यंतचं. कारण दिलं होतं, स्वतःला इजा करणं. आणि त्याखाली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, त्याखाली लिहिलं होतं की आम्हाला तुमची काळजी वाटते, तुम्ही एकटे नाही आहात, कुणाशी तरी बोला. कुणाशी बोलू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार आणि वर विचारायचं, बाई, काय दुखतंय?

नवऱ्यानं दुसऱ्या नावानं चॅनल काढून बघितलं. तेही दोन दिवसांत बंद. शेवटी मी ब्लाउज पोचवायला शहागंजला गेले तेव्हा त्या मोबाइलवाल्या भाईंकडं गेले. भला माणूस. नवऱ्याला सुरुवातीपासून त्यांनीच सगळं शिकवलं होतं. मी म्हणाले, भाई, त्या कंपनीचं ऑफिस कुठं आहे ते सांगा, मुंबई असो, दिल्ली असो, मी सासऱ्यांना घेऊन जाते, बसते दारात.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, "भाभी, वहाँ कोई बैठा नहीं है. मशीन देखती है. मशीनच बंद करती है, मशीनच जवाब भेजती है."

"मग मामांचा व्हिडिओ कुणी बघितला?"

"किसीने नहीं."

मी परत विचारलं, एकानंही नाही? ते म्हणाले, "आग दिखी, चमडी दिखी, बस. बूढ़े बाबा उसको दिखेच नहीं." मग त्यांनी दुकानातल्या माणसाला माझ्यासाठी पाणी आणायला पाठवलं. पाणी न पिताच मी बाहेर पडले. शहागंजच्या त्या गर्दीत, पेरूच्या गाड्यांमधून, मी मोठ्यानं रडत चालले होते आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती. मेंढरं जाणार ह्याचं रडू नव्हतं ते, ते तर ठरलेलंच होतं. म्हाताऱ्यानं गुंडी लावली होती. पटका धुऊन बांधला होता. रामराम घातला होता. आणि तो कुणाला?

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आबाला सांगू नको." त्यावर मी भांडले नाही.

मेंढरं पाचोडच्या बाजारात विकली. मामांनी जन्मात कधी मेंढरं मोजली नव्हती. मोजली की कमी होतात, असं ते मानायचे. संध्याकाळी नुसती नजर फिरवून कोण आलं नाही ते सांगायचे. व्यापाऱ्याचा माणूस टेम्पोत चढवताना एकेका मेंढराच्या पाठीवर थाप मारून मोठमोठ्यानं मोजत होता. मामा तोंड फिरवून लिंबाच्या झाडाकडं बघत उभे राहिले. शेवटची मेंढी चढेना, मागंमागं वळायची. माणसानं तिला ओढली तेव्हा मामा गेले, तिच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि ती चढली. त्या वेळी नवरा माझ्या शेजारी नव्हता. नंतर कळलं, तो चहाच्या टपरीमागं जाऊन ओकला होता.

मामांना आम्ही मुकुंदवाडीला आणलं. नवरा आता मोटरसायकलवर पार्सलं पोचवतो, तेही एका ॲपवरच. उशीर झाला, गिऱ्हाइकानं तारे कमी दिले, की काम आपोआप कमी येतं. का कमी आलं हे विचारायला तिथंही कोणी नाही. आगीतून फुफाट्यात. मी म्हणते सोडा, तो म्हणतो सोडून कुठं जाऊ?

मामांच्या गुडघ्यावरची जखम भरेना. आधीचे डाग आठ-पंधरा दिवसांत खपली धरायचे म्हणे, हा चिघळला. दवाखान्यात नेलं तर साखर निघाली. डॉक्टर मला रागावले, ह्या वयात असं कुणी करतं का, घरात कुणी अडवणारं नव्हतं? मी म्हणाले, नव्हतं. तेव्हापासून रोज दुपारी मी ती जखम धुते, औषध लावते, पट्टी बांधते. मामा खिडकीकडं बघत बसून राहतात. आता संध्याकाळी कोण कोण आलं होतं, हे ते विचारत नाहीत.

परवा पट्टी सोडताना ते एकदम म्हणाले, "पोरी, येक इचारू का?"

"इचारा ना, मामा."

"त्या व्हिडिओत म्या तोंड वाकडं केलं व्हतं का?"

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "खरं सांग. डोळे तरी मिटले आसतील म्या. तेवढ्यानंच साहेबाला वाटलं आसंल, म्हाताऱ्याला लई दुखतंय, ह्यो खोटं बोलतोय. जरा आनखी दाबून धराया पायजे व्हतं. घाई केली म्या. मेंढरं माझ्यामुळं गेली."

इतके महिने हा माणूस हे घेऊन बसला होता. मला वाटत होतं तो मेंढरांना आठवतोय. तो स्वतःचं तोंड आठवत होता.

"नाय हो मामा, तुम्ही हललासुद्धा नाही," मी म्हणाले. "हात माझा हलला. चूक असंल तर माझी हाये."

त्यांना ते पटलं नाही. ते माझ्याकडं बघत राहिले, खरं ऐकायचं म्हणून. आणि खरं माझ्या जिभेवर होतं. तिथं साहेब नव्हताच, मामा. तुम्हाला कुणी बघितलंच नाही. तुम्ही गुडघा भाजून घेतला तो भिंतीपुढं. हे ऐकलं की मेंढरं गेल्याचा दोष त्यांच्या अंगावरून उतरला असता, पण मग त्या रामरामाचं काय करायचं? माणसाला माणूस दिसला की तो पाघळतो, ह्यावर हा म्हातारा सत्तर वर्षं जगला. ते मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?

मी कापूस पाण्यात बुडवला. खाली मान घालून म्हणाले, "साहेबानं बघितलं, मामा. पूर्ण बघितलं. पण तो नवा व्हता. पार शहरातला. त्यानं जन्मात मेंढरू जवळून बघितलेलं नव्हतं."



"तरना व्हता का?"

"व्हय. तरनाच."

"त्येच्या वर बी कोनी साहेब आसंल. घाबरला आसंल, नोकरीला."

"आसंल, मामा."

"मंग त्येचा तरी काय दोष," मामा म्हणाले, आणि पट्टी बांधून व्हायच्या आतच त्यांनी गुडघ्यावर धोतर ओढून घेतलं.